देणाऱ्याच्या वहीतल्या चुका

पैसे वाटणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. एका कंपनीच्या सामाजिक निधीतला, म्हणजे आता खेड्यापाड्यांतही ज्याला ‘सीएसआर’ म्हणतात त्यातला, महिलांसाठीचा वाटा कोणत्या संस्थेला द्यायचा, किती द्यायचा आणि कशावर खर्च करू द्यायचा, याची शिफारस मी करते. स्वतःच्या पर्समधला रुपयाही न काढता दात्याचा मान मिळवून देणारी दुसरी नोकरी मला तरी माहीत नाही. गावात गेलं की शाल, नारळ, रांगोळी. कार्यक्रमाला उशीर माझ्यामुळे झाला तरी माफी दुसरंच कुणी मागतं. साहजिकच या नोकरीतल्या चुका कुणी तोंडावर सांगत नाही. संस्था सांगणार कशी? तिचा पुढचा हप्ता माझ्या शेऱ्यावर अडलेला असतो.

ज्या संघटनेमुळे मला माझ्या चुका थोड्याफार दिसल्या, ती मराठवाड्यातल्या एका तालुक्यात आहे. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, कागदोपत्री घटस्फोट न होता माहेरी येऊन राहिलेल्या, लग्नच न झालेल्या अशा एकल बायकांची ही संघटना. नाव घेत नाही. त्यांनीच नको म्हटलं. त्यांच्या म्होरक्या बाईंना सगळा तालुका आक्का म्हणतो, मीही तेच म्हणते. आक्का सातवी शिकलेल्या आहेत आणि तहसीलमध्ये कोणता कागद कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना तिथल्या शिपायाहून चांगलं ठाऊक असतं. संघटनेचं काम म्हणजे वेगळं रेशनकार्ड काढून देणं, संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरणं, नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर बायकोची वारस नोंद लावून घेणं आणि दिराने घराबाहेर काढलंच तर दहाजणींनी जाऊन त्याच्या ओट्यावर बसणं.

आधी त्यांना एका मोठ्या संस्थेकडून थोडा पैसा यायचा. तो मूळचा परदेशी देणगीतला. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि असा पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. करोनाचं वर्ष, गावोगावी नव्याने विधवा झालेल्या बायका, आणि नेमका तेव्हाच हा नळ बंद. अशा वेळी मी त्यांच्या दारात उभी राहिले. मला वाटलं, अगदी वेळेवर पोचले.

कायदा माझ्या बाजूने होता. कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक उंबरठा ओलांडला की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. कशावर करायचे याची यादी सातव्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात स्त्री-पुरुष समानता हा विषय नावानिशी आहे. आमच्या कार्यालयात मात्र समानतेच्या नावाने मंजूर व्हायची ती शिलाई मशीन. मशीनचा फोटो चांगला येतो. वारस नोंदीचा फोटो कसा काढणार?

आक्कांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “मशीन नका देऊ मॅडम. तालुक्यात आता कपडे शिवून घेणाऱ्या कमी अन् शिवणाऱ्याच जास्त झाल्यात.” मग मी एक शक्कल लढवली. प्रस्तावाचं नाव ठेवलं ‘एकल महिलांसाठी उपजीविका विकास’ आणि त्याच्या पोटात त्यांचं हक्कांचं काम बसवलं. शेळ्या, किराणा, भाजीपाला वर. तहसीलच्या चकरा खाली, बारीक अक्षरात. समितीने प्रस्ताव मंजूर केला. या हुशारीबद्दल मी स्वतःवरच खूश होते.

पण नाव उपजीविकेचं म्हटल्यावर उत्पन्न मोजणं आलं. मी एक फॉर्म बनवला. नाव, आधार क्रमांक, मोबाइल, प्रकल्पाआधीचं मासिक उत्पन्न, सध्याचं मासिक उत्पन्न, खाली सही किंवा अंगठा, कोपऱ्यात फोटो. सहा महिन्यांनी भरलेले फॉर्म आले. मी ते रात्री संगणकावर चढवायला बसले, तर ‘सध्याचं उत्पन्न’ या रकान्यात ओळीने एकच आकडा : १,७००. क्वचित कुठे १,६५०, एखादीचं १,५००. शेळ्या असलेल्या बाईचंही १,७०० आणि ज्या बाईचं किराणा दुकान मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तिच्या दुकानात मोबाइलचं रिचार्जसुद्धा मिळायचं, तिचंही १,७००.

मी शेरा मारला : ‘माहिती एका ठिकाणी बसून भरलेली दिसते. दर्जा असमाधानकारक. खुलासा येईपर्यंत दुसरा हप्ता राखून ठेवावा.’ वरिष्ठांनी माझ्या बारीक नजरेचं कौतुक केलं.

खुलासा लेखी आला नाही. मी गेले तेव्हा आक्कांनी मला बाजूला नेलं. “मॅडम, निराधारचा पगार ठाऊक हाय का तुम्हाला?” गावात त्या पेन्शनला पगारच म्हणतात. तेव्हा तो महिन्याला १,००० रुपये होता, २०२३ मध्ये १,५०० झाला. मी म्हटलं, ठाऊक आहे की, तुमच्याच प्रस्तावात आहे. “त्याला उत्पन्नाची अट किती?” वर्षाला २१,०००. “मग बारानं भागा.”

१,७५०.

“तुमच्या कागदावर पाच हजार लिहायचे अन् तहसीलच्या कागदावर सतराशे. दोन्हीवर अंगठा एकाच बाईचा. वर तिचा फोटो तुम्ही पेपरात देणार, लखपती झाली म्हणून. मग तिचा पगार कोण चालू ठेवील? तुम्ही?”

२१,००० ची अट मी वाचलेली होती. माझ्याच टिपणात ती होती. पण ती ‘संदर्भ’ या मथळ्याखाली होती आणि माझा फॉर्म ‘मूल्यमापन’ या मथळ्याखाली. दोन्ही कागद एकाच बाईच्या हातात जाणार आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाईने स्वतःविरुद्ध लेखी पुरावा द्यावा आणि तोही आधार क्रमांकासह, असं मी मागत होते आणि त्याला पारदर्शकता म्हणत होते. संघटनेने बायकांना वाचवलं, त्याची शिक्षा म्हणून मी संघटनेचा हप्ता रोखला.

यानंतर मी फॉर्म तिथल्या तिथे फाडला असता तर या लेखात जरा बरी दिसले असते. तसं झालं नाही. मी पुण्याला येऊन ‘उत्पन्नाचा अंदाजे गट’ असा रकाना सुचवला, त्यावर दोन बैठका झाल्या, आणि हप्ता सुटेपर्यंत दिवाळी येऊन गेली. त्या दिवाळीला संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या हातावर काय पडलं, हे मी विचारलंसुद्धा नाही.

कार्यकर्त्यांच्या पगाराचं प्रकरण तर याहून वाईट. पहिल्या प्रस्तावात आक्कांनी पाच जणींसाठी दरमहा प्रत्येकी नऊ हजार मागितले होते. मी ते तीन हजारांवर आणले आणि पगार खोडून मानधन लिहिलं. कारण दिलं पाच टक्क्यांचं : प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये, कायदाच तसा आहे. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या संस्थांना सांगितलंय की मला ते पाठ झालं होतं. पुढे कधीतरी एका सनदी लेखापालाने सहज विचारलं, “मॅडम, जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतरची व्याख्या वाचलीत का?” मी वाचली. पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीने स्वतःचं सीएसआरचं काम चालवण्यासाठी केलेल्या खर्चाला. म्हणजे माझं टेबल, माझा पगार, माझा विमान प्रवास. एखादा प्रकल्प आखण्याचा, राबवण्याचा, त्यावर देखरेख ठेवण्याचा थेट खर्च त्यात धरायचाच नाही, असं त्याच नियमात लिहिलंय. ज्या लगामाने मला आवरायचं होतं, तो मी आक्कांच्या तोंडात घातला होता. आणि मी एकटी नाही. या क्षेत्रातल्या कितीतरी जणांच्या टिपणांत हीच चूक मी पाहिलीय. एकमेकांचे नमुने उतरवून घेताना चूकही उतरते.

पण अज्ञानावर सगळं ढकलणं बरोबर नाही. नियम माहीत असता तरी मी कात्री चालवली असती, असं मला आज वाटतं. त्यांना मी म्हणाले होते, “तुम्ही काय, पैशासाठी थोडंच करता!” हे वाक्य मी कुठल्याही संगणक-कंपनीला, छपाईवाल्याला किंवा मूल्यमापन करणाऱ्या सल्लागाराला कधी म्हटलेलं नाही. घरातल्या बाईच्या कामाला दाम नसतो, प्रेम असतं, हाच तो हिशेब. तो मी भविष्य निर्वाह निधी कापून घेणारी बाई दुसऱ्या बाईला लावत होते. त्याच वर्षी आम्ही पुण्याहून एक प्रशिक्षक नेली. तिची एका दिवसाची फी कार्यकर्तीच्या महिन्याच्या मानधनाहून जास्त होती, आणि ती ‘कार्यक्रम खर्चात’ बसत असल्यामुळे कुणी हूं की चूं केलं नाही. प्रशिक्षणाचा विषय होता घरकामाचं मोल.

प्रवासखर्चाचंही तसंच. आम्हाला प्रत्येक खर्चाला पावती लागते. एसटीचं तिकीट चालतं. पण तालुक्याच्या गावाहून आत वाड्यावस्त्यांवर जाणारी एसटी दिवसातून एकदा, कधी तीही नाही. बाकी सगळा कारभार काळी-पिवळीचा. काळी-पिवळीवाला तिकीट देत नाही. तो पुढे दोघं, मागे बारा आणि टपावर शेरडू घेतो. कार्यकर्त्या डायरीच्या पानावर गाव, तारीख, भाडं लिहून खाली ड्रायव्हरची सही घ्यायच्या. मी ती पानं नामंजूर केली. मग त्या प्रवास कमी करू लागल्या, आणि दूरच्या वस्त्यांवरच्या बायकांची संख्या घटली म्हणून मी पुन्हा शेरा मारला. यावर कळस असा की मार्च २०२३ मध्ये महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा आमच्या वित्त विभागाने ‘लाभार्थी महिला, कार्यकर्त्या महिला’ असं पाहून प्रवासाची तरतूदच निम्मी केली. मी त्यावर सही केली. काळी-पिवळीत अर्धं तिकीट नसतं, हे लिहायला एक ओळ पुरली असती.

वेळापत्रकाची चूक थोडक्यात सांगते, कारण ती करणाऱ्यांत मी एकटी नाही. आमचं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, मंजुरी मिळता मिळता गणपती येतात, पैसा पोचतो दिवाळीच्या सुमारास आणि ३१ मार्चच्या आत खर्च करून दाखवायचा असतो. त्या तालुक्यातली निम्मी गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, उचल मुकादम नवऱ्याच्या हातात ठेवतो. एकटी बाई भावाबरोबर नाहीतर मुलाबरोबर जाते, किंवा अर्धा कोयता म्हणून. ज्या महिन्यांत या बायका पश्चिम महाराष्ट्रातल्या फडात असायच्या, नेमक्या त्याच महिन्यांत मी त्यांची शिबिरं ठेवत होते. हजेरीपट भरलेले यायचे. कुणाच्या सह्यांनी, हे मी विचारत नव्हते. एका वर्षाहून जास्त चालणारा प्रकल्प तसा जाहीर केला, तर उरलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येतो, अशी सोय कायद्यात २०२१ पासून आहे. तिची कागदपत्रं जास्त असतात. कंटाळा, दुसरं काही नाही.

आता गुरुजींचं सांगते. हे सांगणं मी टाळत आले होते.

संघटनेची नोंदणी जुनी. ती करताना गावातल्या तीन-चार चांगल्या माणसांनी मदत केली होती, म्हणून विश्वस्तांत त्यांची नावं होती. पुढे ते बाजूला झाले, बायकांनी ठराव करून स्वतःची नावं घातली, विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदलाचा अहवालही रीतसर दाखल केला. तो निकाली निघायचा होता. इकडे आमच्या विधी विभागाला परिशिष्ट-१ चा ताजा उतारा हवा होता. उताऱ्यावर जुनीच नावं, आणि हयात असलेल्यांत पहिलं नाव एका निवृत्त गुरुजींचं. वर्ष संपत आलं होतं. तोडगा मी काढला : करारावर सध्यापुरती गुरुजींची सही घेऊ, बँकेतही त्यांचीच चालवू. आक्का गप्प बसल्या. त्यांच्या गप्प बसण्याला मी होकार धरलं.

गुरुजी वाईट नव्हते. एका पैचाही गैरव्यवहार झाला नाही, हे मुद्दाम लिहिते. पण सही त्यांची म्हटल्यावर धनादेश घेऊन कार्यकर्तीने त्यांच्या घरी जायचं, ते जेवत असतील तर ओसरीवर थांबायचं, मग ते चष्मा लावून विचारणार की ही बाई कोण, हिला प्रवासाचे एवढे कशाला. काही महिन्यांत बैठकीची तारीख त्यांना विचारून ठरू लागली. संगणकाच्या कामासाठी माणूस हवा होता, तिथे त्यांचा पुतण्या आला. तो हुशार होता, मलाही आवडला, आणि हळूहळू माझे फोन आक्कांऐवजी त्याला जाऊ लागले, कारण तो ईमेलला लगेच उत्तर द्यायचा. एका भाऊबंदकीच्या भांडणात संघटना विधवेच्या बाजूने उभी राहिली. समोरची पार्टी गुरुजींच्या भावकीतली निघाली, तेव्हा ते म्हणाले, “जरा सबुरीनं घ्या.” आणि बायकांनी सबुरीनं घेतलं. इतकी वर्षं दिराच्या ओट्यावर जाऊन बसणारी संघटना एका सहीसाठी गुरुजींच्या ओसरीवर बसू लागली होती.

त्या वर्षीच्या आमच्या अहवालात या संस्थेपुढे ‘महिला-नेतृत्व : होय’ असं आहे. तो रकाना मीच भरलाय.

यातली गंमत म्हणजे, देणगी आणि अटी यांवर मी नवीन सहकाऱ्यांना व्याख्यान देते. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घेते. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी मंडळ स्थापन झालं, दहा वर्षं पैसा देण्याचं ठरलं, त्यातून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. शाळेत धर्माची सक्ती होणार नाही, ही अट होती. त्या अटीवरूनच पुढे वादळ उठलं आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दुसरं उदाहरण अण्णासाहेब कर्व्यांचं. सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये महिला विद्यापीठाला १५ लाख देऊ केले आणि विद्यापीठाला आईचं नाव द्यायची अट घातली. नाथीबाई हे नाव तेव्हापासूनचं. दाता अटी घालणारच, असं मी सांगते आणि पुढच्या स्लाइडवर जाते. माझ्या व्याख्यानात एक गोष्ट राहून जायची. त्या अटी उघड होत्या. रमाबाईंना आणि कर्व्यांना त्या वाचता येत होत्या, त्यांवर भांडता येत होतं, नाही म्हणता येत होतं. माझी एकही अट करारात अट म्हणून लिहिलेली नव्हती. सगळ्या रकान्यांत होत्या, पावत्यांत होत्या, ‘सध्यापुरती’ या शब्दात होत्या. त्यांच्याशी कोण कसं भांडणार?

आक्का भांडल्या नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी पुढल्या वर्षाचा नमुना पाठवला, त्याला उत्तर आलं नाही. फोन केला तर म्हणाल्या, “यंदा नको मॅडम.” मला आधी ऐकूच नीट आलं नाही असं वाटलं. आमच्या नोकरीत ‘नको’ हा शब्द आमच्या बाजूने वापरायचा असतो. मी विचारलं, मग चालवणार कशावर? बायकांनी ठरवलं होतं : वर्गणी वाढवायची, कामं कमी घ्यायची, दोन कार्यकर्त्यांनी मजुरी करत उरल्या वेळात काम बघायचं. कार्यालयात मी कारण लिहिलं, ‘संस्थेची क्षमता अपुरी’. हे खोटं होतं. खरं लिहिलं असतं तर ते माझ्याच शेऱ्यांपर्यंत आलं असतं.

वर्षभराने मीच पुन्हा गेले. बदलाचा अहवाल एव्हाना मंजूर झाला होता, उताऱ्यावर सात बायकांची नावं होती, गुरुजी त्यांच्या शेतावर होते. मी म्हटलं, फॉर्म नका भरू. तुम्हाला काय चालेल आणि काय नाही ते तुमच्या शब्दांत लिहून द्या. त्यांनी बैठक घेतली आणि एका वहीच्या पानावर, दोन्ही बाजूंनी लिहून, कलमं पाठवली. पाच जणींना बारा महिने पगार, किमान वेतनाच्या खाली नाही. कुणाही बाईचं आधार मागायचं नाही, उत्पन्न विचारायचं नाही. काय बदललं ते आम्ही सांगू. ऊसतोडीच्या हंगामात कार्यक्रम नाही. डायरीतली प्रवासाची नोंद पावती म्हणून धरायची. पाहणीला येणाऱ्याने आधी कळवायचं आणि जेवणाचे पैसे द्यायचे. हे कलम वाचून मी कानकोंडी झाले. शेवटचं : जमिनीच्या भांडणात संघटना कुणाच्या बाजूने उभी राहते यात पैसे देणाऱ्याने बोलायचं नाही.

ते पान मी जसंच्या तसं समितीपुढे ठेवलं. पगार मान्य झाले, किमान वेतनाच्या जवळपास. हंगामाचं मान्य झालं, आणि प्रकल्प तीन वर्षांचा म्हणून जाहीर करायचंही ठरलं. डायरीच्या नोंदींना लेखापरीक्षकांनी महिन्याला ठरावीक रकमेची मर्यादा घालून होकार दिला. आधारचं कलम अर्धं मान्य झालं : क्रमांक मागायचा नाही, पण संख्या द्यायची. शेवटच्या कलमावर एक संचालक म्हणाले की त्या जिल्ह्यात आपला कारखाना आहे, जमिनीचे विषय नकोत, ते काढूनच टाका. बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पाहते.

आक्कांना मी अजून कळवलेलं नाही. करार त्या कलमाशिवाय टाइप होऊन माझ्या टेबलावर आहे आणि पहिला हप्ता त्यांच्या सहीनंतरच निघतो.